निघण्यापूर्वीची तपासणी: ट्रकचालकांचे अनुभव

मालवाहू गाडी चालवणाऱ्या आणि तिची देखभाल करणाऱ्या सर्वांना विनंती आहे की, रोजच्या तपासणीत हाती लागलेली किंवा हातून सुटलेली एखादी गोष्ट येथे लिहावी. ‘तपासणी आवश्यक आहे’ हे सर्वांनाच मान्य असल्यामुळे तेवढेच लिहून थांबू नये. काय पाहिले, कसे पाहिले आणि पुढे काय झाले, ते सांगावे.

दहाचाकी चालक

पहाटे टॉर्च घेऊन फेरी मारताना मागच्या डाव्या चाकाच्या दोन नटांखालून निघालेले गंजाचे बारीक, तपकिरी ओघळ दिसले. ते चाक आदल्या दिवशीच बदललेले होते. नट हाताने हलत नव्हते, म्हणून क्लीनर ते घट्टच असल्याचे सांगत होता. पाना लावला तेव्हा एक नट जवळजवळ अर्धा फेरा फिरला. चाकाची डिस्क आणि हब (ज्या मधल्या भागावर चाक बसते तो) यांच्यामध्ये अडकलेला रंग किंवा गंज गाडी चालल्यावर दबतो आणि बोल्टवरील ताण कमी होतो. चाक बसवल्यानंतर 50 ते 100 किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळायचे असतात, हे मला माहीत होते; आदल्या रात्री झोप आली म्हणून मी ते टाळले होते.

ट्रेलर चालक

माझी चूक ब्रेकची आहे आणि ती मी आजही कोणाला सहजपणे सांगत नाही. माझ्या गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. त्या दिवशी त्या हवेचा काटा 8 बारवर स्थिर होता, सपाट रस्त्यावर पेडल नेहमीसारखे लागत होते, त्यामुळे गाडीखाली वाकून पाहण्याची गरज मला वाटली नाही. लांब उताराच्या मध्यावर प्रथम जळका वास आला आणि नंतर पेडल पूर्ण दाबूनही वेग हवा तसा उतरेना. खालचा गिअर आधीच टाकलेला होता आणि पुढे चढ लागला, म्हणून गाडी थांबली.

नंतर मेकॅनिकने सांगितले, ते प्रत्येकाने नीट समजून घ्यावे असे मला वाटते. ड्रम (चाकाबरोबर फिरणारे ब्रेकचे लोखंडी पिंप) तापला की तो प्रसरण पावतो आणि लायनरपासून (त्यावर दाबून घासणाऱ्या अस्तरापासून) दूर जातो; ज्या चाकाचा स्लॅक ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधले अंतर जुळवणारा भाग) आधीच सैल आहे, तिथे ब्रेक चेंबरच्या (हवेच्या दाबाने दांडा ढकलणाऱ्या डब्याच्या) दांड्याला लायनर ड्रमवर दाबण्याइतकी सरक उरत नाही. माझ्या दोन चाकांची तीच अवस्था होती आणि बाकीच्या चाकांनी सगळा भार उचलला, म्हणून ती जळत होती. काटा टाकीतील हवा दाखवतो, चाकावरची पकड दाखवत नाही. आता मी चाकांना अडण्या लावतो, क्लीनरला पेडल दाबून धरायला सांगतो आणि प्रत्येक चेंबरचा दांडा किती बाहेर येतो, ते खाली वाकून स्वतः पाहतो. इंजिन बंद असल्यामुळे हवेची गळतीही त्याच वेळी कानाला कळते. हवेच्या टाकीत साचणारे पाणी रोज काढतो. थंडीत ते वाहिनीत गोठले तर ब्रेक लागणे वा सुटणे दोन्ही बिघडते.

आधी क्लीनर, आता चालक

जोडचाकांतील (शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन चाकांतील) आतला टायर बसला, तरी बाहेरचा त्याला उचलून धरतो आणि दुरून काहीच कळत नाही. मला उस्तादांनी लोखंडी दांडा मारून आवाज ऐकायला शिकवले: भरलेला टायर दांडा उडवतो, बसलेला मेल्यासारखा वाजतो. अर्थात, दाब थोडासाच कमी असेल तर कान फसतो. त्यासाठी मापकच हवा आणि तोही टायर थंड असताना. तापलेल्या टायरचा दाब जास्त दिसतो म्हणून हवा सोडणारे मी पाहिले आहेत. तो टायर थंड झाल्यावर कमी हवेवर धावतो आणि आणखी तापतो.

गॅरेज मेकॅनिक

एका गाडीच्या तपासणी रजिस्टरात महिनाभराच्या सर्व खुणा एकाच पेनाने, एकाच तिरकसपणाने केलेल्या होत्या. प्रत्येक दिवशी ‘हॉर्न ठीक’ अशी नोंद होती आणि हॉर्नची वायर मात्र तुटून लोंबत होती.

सहाचाकी चालक

कमानीचा (गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगचा) मुख्य पाटा तडकलेला दिसला, म्हणून मी भरलेली गाडी हलवण्यास नकार दिला. मालकांनी फोनवर ‘पट्ट्याने बांधून घ्या आणि निघा’ असे सांगितले. तो पाटा ॲक्सलला जागेवर धरतो आणि तो तुटला तर ॲक्सल तिरका होऊन गाडी एका बाजूला ओढली जाते, हे मी त्यांना दोनदा समजावले. अखेर पाटा बदलण्यात आला, परंतु माल उशिरा पोहोचला म्हणून त्या दिवसाचे पैसे माझ्या पगारातून कापण्यात आले. ते अद्याप मिळालेले नाहीत.