जुन्या चर्चमध्ये प्रशिक्षण केंद्र: जिप्सम बोर्ड आणि काँक्रीटचा मजला चालेल का?

दगडविट: उपासना थांबलेलं, चुन्यात बांधलेलं दगडी चर्च प्रशिक्षण केंद्रासाठी वापरायचं आहे. दालन 20 × 10 मीटर, सरासरी उंची 12 मीटर. 40-40 जणांचे दोन वर्ग आणि एक संगणक कक्ष हवा. टाळी वाजवली की आवाज पाचेक सेकंद घुमतो. भिंती 60 सेंमी जाड. आतून खालच्या दीड मीटरला नंतर कधीतरी सिमेंटचा गिलावा झालाय, त्याचे पोपडे सुटतायत. भिंतींवर जिप्सम बोर्ड आणि मधे काँक्रीटचा मजला, एवढ्यात भागेल?

चुनखडी: बोर्ड अजिबात नको. पोपडे सिमेंटमुळेच आहेत. चुन्याची भिंत ओल घेते आणि बाहेर टाकते. सिमेंट ती वाट बंद करतं. मग ओल वर चढते, क्षार दगडातच स्फटिक होऊन त्याचा पृष्ठभाग फोडतात. वर बोर्ड मारलात तर हे सगळं नजरेआड चालू राहील आणि बोर्डाला बुरशी धरेल.

आधी पन्हळी, पावसाचे नळ आणि बाहेरची मातीची पातळी बघा. माती आतल्या फरशीपेक्षा वर असेल तर ती उतरवा. मग सिमेंट छिन्नीनं हातानं काढा. ब्रेकर लावला तर दगडाच्या कडा जातात. दगडांमधल्या दरजाही चुन्यानेच भरा. सुकायला ढोबळ हिशेबानं दर 25 मिमी जाडीला एक महिना, म्हणजे तुमच्या भिंतीला जवळजवळ दोन वर्षं. वेळापत्रक याच्यावरून ठरवा.

नादमापक: घुमण्याचं गणित साबीनच्या सूत्रानं: वेळ = 0.161 × घनफळ ÷ शोषण. 2400 घनमीटर आणि 5 सेकंद, म्हणजे आत्ता शोषण (आवाज पूर्ण गिळणाऱ्या पृष्ठभागाइतकं क्षेत्रफळ) जेमतेम 77 चौ.मी. सगळं दालन 1.2 सेकंदांवर आणायला 322 लागेल. कमी पडणाऱ्या 245साठी 0.8 गुणांकाचे, म्हणजे 80 टक्के आवाज शोषणारे पॅनेल धरले तरी 300 चौ.मी.हून जास्त, म्हणजे भिंती-कमानी झाकूनच टाकायच्या. ते करू नका.

त्यापेक्षा दालनात 9 × 7 × 3.2 मीटरच्या दोन स्वतंत्र खोल्या उभ्या करा. प्रत्येकीचं घनफळ सुमारे 200 घनमीटर, 0.7 सेकंदांसाठी 46 चौ.मी. शोषण पुरतं, ते 63 चौ.मी.च्या छतातच मिळतं. बार्सेलोनाच्या टोरे जिरोना चॅपलमध्ये मारेनोस्ट्रम महासंगणक असाच काचेच्या खोलीत ठेवला होता.

दगडविट: मग संगणक कक्ष एका खोलीच्या वर घेता येईल? हवेचं काय?

लोखंडी सांगाडा: घेता येईल, पण काँक्रीट नको. स्वतःच्या खांबांवर उभा पोलादी सांगाडा करा, जुन्या भिंतीत तुळई घुसवू नका. वर्गाला दर चौ.मी. 300 किलो भार धरतात, जिन्याला जास्त. खांबांसाठी खड्डे घेऊ नका: फरशीखाली दफन असू शकतं, शिवाय भिंतीचा पाया उघडा पडतो. भार पसरवणाऱ्या तुळया फरशीवरच टाका. भिंतीला काही अडकवायचंच असेल तर भोक दरजेत, खिळा स्टेनलेस स्टीलचा. साधं लोखंड गंजून फुगतं आणि दगड तडकतो. भेगांवर निदान वर्षभर खुणा लावून ठेवा, म्हणजे ऋतूप्रमाणे होणारी हालचाल आणि खरा धोका वेगळे कळतात.

80 माणसं तासाला सुमारे 4 लिटर पाणी वाफेतून सोडतात, ते थंड दगडावर जमतं. माणशी 8 लिटर/सेकंद धरून तासाला 2300 घनमीटर ताजी हवा द्या. नळ आणि वायरिंग 150 मिमी उंच केलेल्या तरत्या जमिनीखालून न्या. त्या चढाला 1:12 उतार म्हणजे 1.8 मीटर लागेल. जुना दरवाजा आत उघडत असेल तर वर्गाच्या वेळी तो उघडाच अडकवून ठेवा आणि आतल्या बाजूला बाहेर उघडणारी काचेची दारं बसवा. दुसरी बाहेर पडायची वाट मात्र आराखड्याच्या पहिल्याच कागदावर हवी.