पानाचा डबा विकला, परत आलेला डबा आमचा नाहीच, गिऱ्हाईक पोलिसांची धमकी देतंय. काय करू?

वाईची_लेक:

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक लिहितेय पण प्लीज पूर्ण वाचा, चार दिवस झोप नाहीये.

आमच्या आजीच्या रुखवतातला पितळी पानाचा डबा होता. गोल, झाकणावर कमळ, आत सात वाट्या, चुना कात सुपारी लवंग वगैरेसाठी. बुडाला ठोक्याठोक्यांच्या अक्षरांत आजीचं नाव, खाली मु. वाई, आणि शके १८६४. नाव घालणाऱ्याने वाईच्या ई वरचं फर्काटं घातलंच नाही त्यामुळे ते 'वाइ' असं दिसतं, लहानपणी आम्ही त्यावरून आजीला चिडवायचो. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पैसे हवे होते म्हणून जुन्या वस्तूंच्या एका ग्रुपवर फोटो टाकले. एक वाटी आईने आठवण म्हणून ठेवून घेतली, तेही जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं. १८,५०० ला ठरलं, त्याने यूपीआयने सगळे पैसे आधी दिले, मी दुसऱ्या दिवशी कुरियर केलं. इथपर्यंत माणूस अगदी गोड, ताई ताई करत होता.

पार्सल मिळाल्यावर दोन दिवसांनी मेसेज, झाकणाला पोचा आलाय, ४,००० परत करा म्हणजे मी ठेवून घेतो. मला वाटलं प्रवासात लागलं असेल, मी दिले. (आता सगळे ओरडताय मला घरात.) मग आठवड्याने म्हणे एका जाणकाराला दाखवला, डबा नवीन आहे, मला नकोय, परत पाठवतोय, उरलेले १४,५०० द्या. आणि पार्सल आलंसुद्धा. उघडलं तर खोका माझाच, आतला फडक्याचा बोळापण माझाच, पण डबा दुसराच. कमळ आहे पण पाकळ्या जाडजाड, बुडाला नाव नाही, काही नाही, गुळगुळीत. मी हे सांगितलं तर म्हणतो तुम्ही हाच पाठवला होता, नाव बिव काही नव्हतं, आणि आता १४,५०० दिले नाहीत तर सायबरला तक्रार करणार, वर परवान्याशिवाय पुरातन वस्तू विकल्या म्हणून तुम्हाला आत टाकायला लावणार.

आई म्हणते देऊन टाक, पोलीस दारात नकोत. मला पैसे द्यायचे नाहीत पण भीती वाटतेय. खरंच आत टाकू शकतात का? आणि डबा तोच नव्हता हे सिद्ध कसं करू?

तांबटआळी_पुणे:

ताई आधी एक, आता एक रुपया देऊ नका. मी वीस वर्षं जुन्या भांड्यांची खरेदी-विक्री करतो, हा प्रकार आमच्याकडेपण होतो. आधी थोडे पैसे मागून बघतात समोरचा देतोय का, दिले की कळतं हा माणूस घाबरतो, मग उरलेल्याच्या मागे लागतात. तुम्ही ४,००० दिले ते चांगुलपणाने दिले, त्यात तुमची चूक काही नाही.

आता डबा बघा. तुम्ही म्हणता पाकळ्या जाड, म्हणजे बहुतेक ओतीव, साच्यात ओतून केलेला माल आहे. जुने डबे पत्र्याचे, ठोकून केलेले असायचे. झाकण उलटं करून उन्हात तिरकं धरा, ठोक्याच्या खुणा दिसतात का बारीक, तळ आणि भिंत जिथे जुळते तिथे डाग दिलेली, म्हणजे सांधा जोडल्याची रेघ दिसते का. ओतीव मालात रेघ नसते आणि आतून वाळूसारखा खरखरीत भाग राहतो, कोपऱ्यात हमखास. काळपटपणा पण बघा. वापरातला डबा जिथे बोटं लागतात तिथे उजळ आणि खाचेत काळा असतो, मुद्दाम अॅसिडने काळा केलेला सगळीकडे सारखाच काळा किंवा हिरवट. बिजागरीची खीळ झिजलीये का तेही बघा, ८० वर्षं उघडझाप झालेल्या डब्याची खीळ झिजतेच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आईने ठेवलेली वाटी आहे ना घरी? ती या डब्यात बसवून बघा. वाट्या त्या त्या डब्याच्या मापाने केलेल्या असतात, दुसऱ्याच्या डब्यात तंतोतंत बसत नाहीत. व्हिडिओ काढा बसवताना.

बायदवे नाव घातलेलं भांडं म्हणून काही लोक कमी भाव देतात, मला ते कधी पटलं नाही. त्या अक्षरांमुळेच तर कळतं कुणाच्या घरचं, कुठल्या गावचं, कधीचं.

कोर्टाची_पायरी:

वकिली करते म्हणून कायद्याचं तेवढं सांगते. तो ज्या कायद्याची भीती घालतोय तो १९७२ चा अँटिक्विटीज अॅक्ट. त्यात पुरातन वस्तू म्हणजे निदान १०० वर्षं जुनी, आणि ऐतिहासिक, साहित्यिक वगैरे महत्त्वाच्या हस्तलिखितांसाठी ७५ वर्षं. तुमच्या डब्यावरच शके १८६४ आहे, म्हणजे १९४२ साल. शंभर झालीच नाहीत, मग विषयच संपला. आणि परवाना लागतो तो अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याला. घरातली एक वस्तू एकदा विकणं म्हणजे धंदा नव्हे. नोंदणीची सक्ती आहे ती मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा ठरलेल्या प्रकारांना, पानाच्या डब्याला नाही. (पण इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, हस्तिदंताची वस्तू असेल तर ती कितीही जुनी असली तरी विकायला काढू नका, तिथे वन्यजीव कायदा लागतो. आणि शंभर वर्षांवरची वस्तू परदेशातल्या गिऱ्हाइकाला परस्पर पाठवू नका, खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवायला बंदी आहे.)

गंमत बघा, एकीकडे तो म्हणतो डबा नवीन आहे आणि दुसरीकडे म्हणतो पुरातन वस्तू विकली म्हणून तक्रार करीन. दोन्ही एकाच चॅटमध्ये लिहिलंय ना? तो स्क्रीनशॉट जपून ठेवा. खोटी वस्तू परत पाठवून पैसे उकळणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, पूर्वीचं ४२०. फोनवर बोलू नका आता, जे काय ते लेखी.

साधामाणूस_नाशिक:

मी एक वेगळी गोष्ट सांगतो कारण माझ्यावर गेलीये. मी जुना रेडिओ विकला होता, गिऱ्हाइकाने माझ्याविरुद्धच १९३० वर (सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर) तक्रार केली की मला फसवलं, आणि माझ्या खात्यातली तेवढी रक्कम बँकेने अडकवून ठेवली. दीड महिना फिरलो. शेवटी सुटली कारण माझ्याकडे कुरियरची पावती, डिलिव्हरीचा पुरावा आणि पॅक करतानाचा व्हिडिओ होता. म्हणून ताई त्याने तक्रार करायची वाट बघू नका, तुम्हीच आधी सायबर पोर्टलवर करा, १९३० ला फोन करा, त्याच्या धमकीचे मेसेज जोडा. बँकेलाही एक ईमेल टाकून ठेवा की असा असा वाद आहे.

आणि वजन!! कुरियरकडून दोन्ही पार्सलचं वजन मागा, जाताना किती येताना किती. पण पावतीवरच्या आकड्यावर जाऊ नका, ते लोक खोक्याच्या मापावरून वजन धरतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५०००, आणि जे जास्त असेल ते लावतात. तुमचा खोका ३० बाय २५ बाय २४ सेंटिमीटर असला तर आत कापूस असला तरी ३.६ किलोच येणार, दोन्ही वेळा सारखंच. प्रत्यक्ष काट्यावरचं वजन त्यांच्या सिस्टिममध्ये वेगळं असतं ते मागायचं.

वाईची_लेक:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, तीन दिवसांनी अपडेट देतेय.

वाटी बसली नाही. आईने स्वतः बसवून बघितली, दोऱ्याएवढी वर राहते आणि झाकण लागत नाही. तिचा हात थरथरत होता पण व्हिडिओत सगळं स्वच्छ आलंय. झाकणाच्या आतून खरखरीत आहे, तांबटआळी दादा म्हणाले तसंच, डागाची रेघ कुठेच नाही. मग मी जुने फोटो शोधले, भावाच्या मुंजीच्या फोटोत डबा आजीच्या मांडीवर आहे, कमळ ओळखू येतं. बुडाचे फोटो तर मी जाहिरातीतच टाकले होते, त्यात 'वाइ' अगदी वाचता येतं, आणि त्याने त्या फोटोखाली स्वतः लिहिलंय "नाव छान आहे, आजींचं का?" हे माझ्या लक्षातच नव्हतं! आता म्हणतो नाव नव्हतंच.

कुरियरच्या ऑफिसात तिसऱ्या फेरीला एका मुलाने स्क्रीनवर दाखवलं, जाताना २ किलो १४०, येताना ३ किलो ५५. खोका तोच, बोळा तोच. प्रिंट देत नव्हते, ईमेलवर मागितलं तर दुसऱ्या दिवशी आलं.

तक्रार केली पोर्टलवर, नंबर मिळाला. बँकेला मेल गेला. त्याला एकच मेसेज पाठवला, की माझा नाव घातलेला डबा परत पाठवा, हातात आला की उरलेले १४,५०० त्याच दिवशी परत करते, तुमचा डबा पण माझ्या खर्चाने पाठवते. सोबत वाटीचा व्हिडिओ, वजनाचा ईमेल आणि त्याचीच ती कमेंट. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. धमकीपण नाही.

आई आता म्हणते पैसे राहू देत, ऑपरेशनचं बघू कसंतरी, डबा आला तर बरं. तो येईल असं मला वाटत नाही खरं सांगायचं तर. त्याने दुसरीकडे विकायला काढला असेल, म्हणून इथेच विचारते, बुडाला 'मु. वाइ' आणि शके १८६४ असलेला, कमळाच्या झाकणाचा, सहाच वाट्या असलेला डबा कुणाला कुठल्या ग्रुपवर किंवा जुन्या बाजारात दिसला तर मला मेसेज करा. सातवी वाटी आमच्याकडे आहे.

तांबटआळी_पुणे:

रविवारी जुन्या बाजारात जाणारच आहे, ओळखीच्या दोघातिघांना फोटो पाठवून ठेवतो. बुडाचा फोटो जरा मोठा करून टाका.