‘चॅट काय म्हणतेय?’ : चॅट तो, ती की ते?

सबटायटलवाली:
मंडळी, गुरुवारी काम द्यायचंय, म्हणून घाईत लिहितेय. एका माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करतेय. विषय : व्हिडिओ गेम खेळता खेळता लाइव्ह जाणारी मुलं आणि त्यांना तासन्‌तास बघणारे लोक. त्यातला अमेरिकन पोरगा दर दोन मिनिटांनी, मान न वळवता, म्हणतो : "चॅट, आता काय करू?", "चॅट हसतंय मला", "थँक यू, चॅट." चॅट म्हणजे खरं तर पडद्याच्या कडेनं सरकत जाणारे संदेश, पण हा ते लिहिणाऱ्या सगळ्या लोकांना मिळून चॅट म्हणतो, जणू एकच माणूस शेजारी बसलाय. मी पहिल्या फेरीत "चॅट काय म्हणतेय?" लिहिलं. तपासनिसाचा शेरा : "ही कोण? पात्रांच्या यादीत नाही."

तर दोन प्रश्न. चॅट मराठीत तो, ती की ते? आणि त्याला (तिला?) हाक मारायची कशी?

पंतोजी:
आधी ‘चॅट’ का, हे सांगा. ‘दर्शकवृंद’ असा नेटका शब्द आहे. पुल्लिंगी, एकवचनी, समूहवाचक. संबोधन ‘दर्शकवृंदा’. प्रश्न मिटला.

चहाटळ:
"दर्शकवृंदा, मागून कोण गोळ्या घालतंय रे?" पंत, हे वाक्य पुरं होईपर्यंत तो मेलेला असेल.

रात्रपाळी:
लिंगाचं सांगतो. परका शब्द आला की आपण त्याला जवळच्या मराठी शब्दाचं लिंग चिकटवतो. गाडी म्हणून ती कार, ती ट्रेन, ती बस. गप्पा स्त्रीलिंगी, म्हणून ‘ती चॅट’, "त्यांची चॅट व्हायरल झाली". पण ते झालं संभाषणाला. इथे चॅट म्हणजे माणसं. मग जवळचा शब्द गप्पा नव्हे, ‘पब्लिक’. आणि पब्लिक मराठीत चोख नपुंसकलिंगी एकवचनी आहे : पब्लिक आलं, पब्लिक वैतागलं, पब्लिक उठून गेलं. म्हणून "चॅट काय म्हणतंय?" ताईंनी प्रश्नातच "चॅट हसतंय मला" असं आपसूक लिहिलंय, बघा. कान बरोबर होता, हात चुकला.

सबटायटलवाली:
अगं बाई, खरंच की! पण हाक? नपुंसकलिंगी हाक कशी मारतात?

चहाटळ:
पुल्लिंगी असेल तर "चॅटा!", स्त्रीलिंगी असेल तर "हे चॅटे!", आणि पाठोपाठ तबला-पेटी.

डेट्रॉईटकर:
रात्रपाळींना अनुमोदन, आणि एकवचनाला पुरावा देतो. फेब्रुवारी २०१४. ट्विच या लाइव्ह गेम दाखवणाऱ्या साइटवर एकानं पोकेमॉन रेड हा जुना गेम लावला आणि बटणं प्रेक्षकांच्या हातात दिली. चॅटमध्ये ‘वर’, ‘खाली’, ‘ए’, ‘बी’ टाइप करायचं, त्याप्रमाणे पडद्यावरचं एकच पोरगं हलणार. हजारो लोक एकाच वेळी. पोरगं कोपऱ्यात भिंतीला धडका देतंय, पुढे जायच्या ऐवजी पिशवी उघडतंय, तीच ती वस्तू पुन्हा पुन्हा बाहेर काढतंय. एक दगडी शिंपला होता, हेलिक्स फॉसिल. तो इतक्यांदा निघाला की लोकांनी त्याला देव करून टाकलं, आरत्याच काय त्या लिहायच्या राहिल्या. पुढे मतदानाची सोय आली : बहुमताची आज्ञा पाळायची ती लोकशाही, नाहीतर येईल ती आज्ञा पाळायची ती... तिला मी मनात ‘बेबंदशाही’ म्हणायचो. १२ फेब्रुवारीला सुरू झालेला गेम १ मार्चला संपला, १६ दिवसांत. मी ऑफिसात दुसऱ्या खिडकीत लावून ठेवला होता. त्या १६ दिवसांत चॅट हा एकच प्राणी होता, आणि तो वेडा होता. म्हणून माझं मत : तो चॅट.

रात्रपाळी:
वेडा प्राणी म्हणजे ‘येडं’. पुन्हा नपुंसकलिंगच. :)

पंतोजी:
थट्टा पुरे. ‘चित्रपट’, ‘दिग्दर्शक’, ‘महापौर’ हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही लोक असेच हसले असतील. आज तुम्ही बिनदिक्कत वापरता. ‘स्ट्रीमिंग’ला ‘थेट प्रक्षेपण’ आहेच. ‘स्ट्रीमर’ला ‘क्रीडाप्रक्षेपक’ का नको?

चहाटळ:
क्रीडाप्रक्षेपक म्हणजे भालाफेकवाला वाटतो.

गुहागरचा:
आमच्याकडे शिमग्यात नमन-खेळे होतात. नाचणाऱ्या-गाणाऱ्या मंडळींना ‘खेळे’ म्हणतात. "आज खेळे आले" म्हटलं की पोरं अंगणात. म्हणजे जो स्वतः खेळतो आणि त्याचं खेळणं दुसऱ्यानं बघावं म्हणून खेळतो, त्याला मराठीत शब्द आहे. खेळाडू जिंकायला खेळतो, खेळे दाखवायला खेळतात. स्ट्रीमर म्हणजे खेळ्या.

पंतोजी:
हे मात्र आवडलं.

चहाटळ:
पंतांना काहीतरी आवडलं! धाग्यावर तारीख टाकून ठेवा.

वाचनमात्र:
इतकी वर्षं रोमात आहे, आज पहिल्यांदा लिहितेय, कारण विषय घरातला निघाला.

माझा भाचा पनवेलला असतो, बारावीला आहे. संध्याकाळी क्लासहून आला की मोबाइलवर गेम लावून यूट्यूबवर लाइव्ह येतो. सात जण बघतात. त्यातली एक मी, एक माझी बहीण स्वयंपाकघरातल्या फोनवरून, आणि एक त्याचे बाबा, ऑफिसातून, टोपणनाव घेऊन. बाबांना वाटतं त्याला माहीत नाही. तो कधी ‘चॅट’ म्हणत नाही. तो म्हणतो "भावांनो". बहीण बघतेय हे ठाऊक असूनही "भावांनो, झोन येतोय, पळा!", "भावांनो, नॉक झालो, कुणीतरी उठवा रे!" एकदा बहिणीनं चॅटमध्ये लिहिलं, "भावांनो, वरण गार होतंय." त्या दिवशी सातांपैकी चौघे नवीन होते. ते इतके हसले की पुढचे आठ दिवस जो येईल तो "वरण गार होतंय" लिहायचा. आता त्याचा अर्थ ‘डाव आवर, पळ’ असा झालाय. हा शब्द कुठल्या कोशात बसवणार?

रात्रपाळी:
वा! ‘वरण गार होणे’ : डाव हरण्याच्या बेतात असणे. नोंदवून घ्या कुणीतरी.

आणि तुम्ही सहज लिहिलंत त्याकडे लक्ष वेधतो : ‘रोमात’. इंग्रजीत गुपचूप बघणाऱ्याला ‘लर्कर’ म्हणतात, म्हणजे जवळजवळ दबा धरून बसलेला. आपल्याकडे रीड ओन्ली मोडचं ‘रॉम’ झालं, रॉमचं ‘रोम’, आणि त्याला सप्तमी लागली. "मी रोमात आहे." माणूस इटलीला गेल्यासारखा वाटतो, पण चोरटा वाटत नाही. प्रत्यय लागला की शब्द मराठी झाला, मूळ कुठलं का असेना.

पंतोजी:
प्रत्यय लागला की शब्द मराठी, हा तुमचा नियम असेल तर ‘टेबलावर’ मराठीच म्हणायचं.

रात्रपाळी:
हो. तुम्ही कशावर जेवता?

पंतोजी:
पाटावर.

चहाटळ:
+१ आणि साष्टांग नमस्कार. दिवे घ्या, पंत.

डेट्रॉईटकर:
‘दिवे घ्या’वरून, म्हणजे ‘टेक इट लाइट’च्या आपल्या अवतारावरून, आठवलं. ट्विचवर कप्पा म्हणून एक चिन्ह आहे, करड्या रंगाचा, ओठांत हसणारा चेहरा. वाक्याच्या शेवटी टाकला की मागचं सगळं उपहासानं घ्यायचं. तो चेहरा कंपनीतल्याच एका नोकराचा. ट्विच २०११ साली ज्या जस्टिन डॉट टीव्हीतून निघालं, तिथे तो कामाला होता. कप्पाचं मराठी भाषांतर अचूक आहे आणि आपल्याकडे केव्हापासून आहे : "ह. घ्या.", म्हणजे हलके घ्या.

सबटायटलवाली:
हे घेतलं! माझ्याकडे कप्पा तीनदा येतो आणि मी तिन्ही वेळा ‘(उपहासाने)’ लिहून ठेवलं होतं.

आता एवीतेवी विषय निघालाय तर सुपरचॅटचंही सांगा. पैसे देऊन संदेश पाठवायचा, तो रंगीत होऊन वर चिकटतो, जास्त पैसे तर जास्त वेळ. खेळणारा मध्येच थांबून नाव घेऊन आभार मानतो. मी ‘देणगी’ लिहिलंय, पण देवळाची पावती फाडल्यासारखं वाटतंय.

गुहागरचा:
दौलतजादा!

रात्रपाळी:
अहो, हेच टाइप करत होतो. तमाशात प्रेक्षक नोट पुढे करतो, नाचणारी येऊन ती घेते, देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं, त्याच्या फर्माईशीची लावणी होते. पैसा, नाव आणि फर्माईश तिन्ही एका झटक्यात. यूट्यूबनं सुपरचॅट आणलं २०१७ साली. आमच्या आजोबांनी नारायणगावच्या जत्रेत ते त्याच्या किती आधी केलं होतं, आणि त्यावरून आजीनं काय केलं होतं, ते वेगळ्या धाग्यात.

पंतोजी:
दौलतजादा फारसी आहे. ‘दौलत ज़ियादा’, म्हणजे तुझी दौलत वाढो. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो असे शब्द घालवण्यासाठी.

रात्रपाळी:
म्हणजे इंग्रजी शब्द काढून फारसी घालायला तुमची हरकत, आणि फारसी काढून संस्कृत घालायला हरकत नाही. मराठी कधी घालायचं?

पंतोजी:
संस्कृत परकी नव्हे.

रात्रपाळी:
बारावीच्या पोराला विचारा कोणती परकी वाटते.

वाचनमात्र:
विचारलं. तो म्हणाला, "मावशी, दौलतजादा भारी आहे, पण मला आजवर एकदाच आलाय, चाळीस रुपयांचा, तोही बाबांचा."

चहाटळ:
म्हणजे त्याला माहीत आहे!

डेट्रॉईटकर:
अजून एक राहिलं. आपला खेळ संपवताना स्ट्रीमर सगळ्या प्रेक्षकांना घेऊन दुसऱ्याच्या चॅनलवर जाऊन धडकतो. त्याला ‘रेड’ म्हणतात. धाड? छापा? कबड्डीतली चढाई?

सबटायटलवाली:
मी ‘धाड’ लिहिलंय. माहितीपटातली मुलगी रेड आल्यावर आनंदानं रडते, आणि खाली धाड. प्राप्तिकरवाले आल्यासारखं.

गुहागरचा:
वऱ्हाड. दुसऱ्याच्या दारात दोनशे माणसं नेऊन उभी करायची, वाजत-गाजत, आणि त्यानं "या, या" म्हणायचं. चढाईत एकटा जातो नि भिडूला बाद करून पळतो. इथे तसं काहीच नाही.

वाचनमात्र:
वऱ्हाडात मानपान येतं. त्यापेक्षा दिंडी म्हणा. आणि दिंडीवरून सुचलं : हाक मारायचा प्रश्न तिथेच सुटतो की. वारीत प्रत्येक जण प्रत्येकाला ‘माऊली’ म्हणतो. पाणी देणारा माऊली, वाट अडवणारा माऊली. "सरका हो माऊली." एकाला म्हटलं तरी तेच, हजारांना म्हटलं तरी तेच. शब्द स्त्रीलिंगी, पण मिशीवाल्यालाही चालतो. चॅट अगदी असंच आहे ना?

रात्रपाळी:
व्याकरण बिनतोड. पण अमेरिकन पोरगा हातात बंदूक घेऊन "माऊली, आता काय करू?" म्हणाला तर तपासनीस पुन्हा विचारणार, ही कोण?

पंतोजी:
‘मंडळी’ आहे. ताईंनी धागा त्याच शब्दानं सुरू केलाय. ‘-नो’ लावावं लागत नाही, ‘-हो’ लावावं लागत नाही. "मंडळी, काय करू?" संस्कृतोद्भव आहे म्हणून नव्हे, सोयीचा आहे म्हणून सांगतो.

चहाटळ:
आमचे आजोबा आजीला ‘मंडळी’ म्हणायचे. "आमची मंडळी माहेरी गेलीय." म्हणजे एका माणसाला समूहवाचक शब्द. चॅटच्या बरोबर उलट. आजी एकटीच, पण उत्तरं हजार.

सबटायटलवाली:
पाठवलं! हाक मारताना ‘मंडळी’, इतरत्र ‘चॅट म्हणतंय’. सुपरचॅटला दौलतजादा लिहायचा मोह आवरला नाही. पंत, माफ करा. रेड मात्र रेडच ठेवली, वेळ नव्हता. शेरा दोन तासांत आला : "मंडळी कोण? मागच्या प्रसंगात चॅट होतं, ते कुठे गेलं?"

रात्रपाळी:
हा तपासनीस माणूस आहे की यंत्र?

सबटायटलवाली:
तीच शंका मलाही. बरं, शेवटचा शब्द अडलाय. ‘नूब’. नुकता आलेला, काहीच न येणारा, तरी सगळ्यांत मिरवणारा.

वाचनमात्र:
लिंबूटिंबू. खेळू द्यायचं, पण बाद धरायचं नाही.

गुहागरचा:
ते लहान भावंडाला. त्यात माया आहे. नूबमध्ये हिणवणं आहे.

डेट्रॉईटकर:
आमच्या गिरगावात ‘कच्चा लिंबू’ म्हणायचे.

पंतोजी:
लिंबू नपुंसकलिंगी. ते लिंबू. ‘कच्चं लिंबू’ म्हणा.

डेट्रॉईटकर:
पंत, आमच्या वाडीत तो कच्चा लिंबू मीच होतो. मला माहीत आहे ना, तो की ते.