मदत हवी आहे : लस नाकारणाऱ्या वडिलांशी कसे बोलावे?

नमस्कार. माझे वडील ७४ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे, आणि डॉक्टरांनी सुचवलेल्या फ्लू व न्यूमोनियाच्या लशी घेण्यास ते ठाम नकार देत आहेत. लशींना त्यांचा मुळात विरोध नव्हता. प्राथमिक शिक्षक असताना पल्स पोलिओच्या बूथवर बसून, राहिलेल्या बाळांसाठी ते स्वतः घरोघरी हिंडले आहेत.

त्यांचे मन फिरले ते मे २०२१ मध्ये. २ एप्रिलला कोविशील्डचा पहिला डोस घेतल्यावर सहा आठवडे मोजून १४ मे रोजी ते पहाटेपासून रांगेत उभे राहिले, आणि दोन डोसांमधील अंतर आदल्याच दिवशी १२ ते १६ आठवडे केल्याचे त्यांना केंद्राच्या दारात कळले. कारण विचारता ‘वरून आदेश आहे’ एवढेच उत्तर मिळाले. तेव्हा लशीचा तुटवडा होता, त्यामुळे टंचाई झाकण्यासाठीच हे केले, असे त्यांनी मनाशी पक्के केले. पुढे जूनमध्ये सरकारला लसीकरणाबाबत सल्ला देणाऱ्या गटातील काही सदस्यांनीच १२ आठवड्यांपलीकडच्या अंतराला पुरेसा आधार नसल्याचे सांगितले आणि त्यांचा संशय बळावला. अंतर वाढवल्यास लस अधिक परिणामकारक ठरते, हे याच लशीच्या ऑक्सफर्डमधील चाचण्यांतून फेब्रुवारी २०२१ मध्येच प्रसिद्ध झाले होते. मात्र ते दाखवले की ‘मग त्या दिवशी कोणी का सांगितले नाही?’ असे ते विचारतात, आणि मला तो प्रश्न रास्त वाटतो.

२०२४ मध्ये या लशीमुळे क्वचित रक्ताच्या गुठळ्या होत असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा ‘तीन वर्षे लपवले’ असे ते म्हणाले. वस्तुतः १७ मे २०२१ रोजी, म्हणजे ते रांगेतून परतल्यावर तीनच दिवसांनी, केंद्र सरकारने अशा २६ संभाव्य घटना, दर दहा लाख डोसांमागे ०.६१, असे प्रमाण जाहीर केले होते. त्यांच्यापर्यंत ते पोहोचलेच नाही.

आरोग्य खात्यात किंवा लसीकरणात काम केलेल्यांना माझी विनंती आहे. लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनांची तपासणी जिल्हा पातळीवर प्रत्यक्षात कशी होते, आणि तिचे निष्कर्ष एका निवृत्त शिक्षकाला स्वतः वाचता येतील असे मराठीत कुठे मिळतील? झालेली चूक मान्य करूनही पुढची लस घ्यायला तुम्ही घरातील वडीलधाऱ्यांना कसे राजी केलेत? त्यांना खोटा धीर देण्याची माझी इच्छा नाही.