मिंट आणि बॉटल कॅप आल्या म्हणून पोकेमॉन ब्रीडिंग संपलं? अजिबात नाही

सह्याद्री_ट्रेनर

परवा 'झुबॅट_नको' यांनी लिहिलं होतं: "स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये अजून अंडी उबवत बसणारे लोक २०१३ मध्येच अडकलेत. रानातला कुठलाही पोकेमॉन धरा, पन्नासाव्या लेव्हलला न्या, बॉटल कॅप वापरा, मिंट द्या, विषय संपला." त्याखाली 'सहमत' म्हणणाऱ्यांची रांग लागली. तिथे दोन ओळींत उत्तर देणं शक्य नव्हतं, म्हणून वेगळा धागा. नवख्यांसाठी: स्कार्लेट-व्हायोलेट हे पोकेमॉनचे खेळ, ब्रीडिंग म्हणजे दोन पोकेमॉनची जोडी लावून अंड्यातून हवं ते पिल्लू मिळवणं. आयव्ही म्हणजे प्रत्येक गुणाचा ० ते ३१ मधला जन्मजात आकडा, नेचर म्हणजे एखादा गुण वाढवून दुसरा कमी करणारा स्वभाव. बॉटल कॅप आयव्ही ३१ असल्यासारखा करते, मिंट नेचरचा परिणाम बदलते.

बॉटल कॅप आकडा फक्त वर नेते. शून्य हवं असेल तर ती काही कामाची नाही. ट्रिक रूम या चालीत हळू पोकेमॉन आधी चाल करतो. त्यासाठी क्वायट, म्हणजे वेग कमी करणाऱ्या नेचरचा, टोर्कोल घ्या. पन्नासाव्या लेव्हलला स्पीडचा आयव्ही ३१ असेल तर त्याचा वेग ३६ भरतो, शून्य असेल तर २२. शेजारी उभी असलेली शून्य स्पीडची क्वायट हॅटरीन ३० वर असते. म्हणजे रानातून उचललेला टोर्कोल तिच्यामागून चाल करतो आणि नीट ब्रीड केलेला तिच्याआधी. ट्रिक रूम लावल्यानंतर चार चाली टिकतो, त्यात आधी कोण आणि मागून कोण यावर सामना फिरतो. तीच गोष्ट अटॅकची. समोरच्याने फाउल प्ले मारला की तो तुमचाच अटॅक तुमच्यावर वापरतो, म्हणून स्पेशल अटॅकरला तिथे शून्य हवं. ते कुठल्या दुकानात मिळतं?

दुसरं म्हणजे, कॅप मारलेल्या पोकेमॉनचे मूळ आयव्ही बदलत नाहीत. पिल्लाकडे जातात ते जुनेच. मिंटचंही तसंच, एव्हरस्टोन (पालकाचा नेचर पिल्लाकडे उतरवणारा दगड) दिला तरी उतरतो तो मूळ नेचर. तुम्ही एक प्राणी रंगवून घेतलात, वंश तयार केला नाहीत.

आणि वेळ म्हणाल तर आई-बाबा दोघांकडे तेच पाच आकडे ३१ असतील आणि डेस्टिनी नॉट (पालकांचे पाच आयव्ही पिल्लाकडे उतरवणारी वस्तू) असेल, तर साधारण पाच-सहा अंड्यांत एक तसंच निघतं. पिकनिक मांडा, अंड्यांची शक्ती देणारं सँडविच खा, बास्केट उघडत राहा. संघात फ्लेम बॉडीवाला फ्लेचिंडर ठेवा, अंडी निम्म्या वेळात फुटतात. एका संध्याकाळचं काम आहे. कुणाच्या आवडीला "अडकलेत" म्हणण्याआधी हे एकदा करून बघायला हवं होतं.

झुबॅट_नको

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तरही सविस्तर घ्या.

टोर्कोलचा हिशोब बरोबर आहे. पण स्कार्लेट-व्हायोलेटच्या संघांत अंड्यातून येणारे आहेत किती? फ्लटर मेन, आयर्न हँड्स, उर्शिफू, लँडोरस, यातला एकही ब्रीड होत नाही. सहापैकी तीन-चार तर असे असतातच. तिथे तुमचा डेस्टिनी नॉट काय करणार? तिथे कॅप आणि मिंटच लागतात. मग उरलेल्या दोघांसाठी एवढा अभिमान कशाला?

मी हिंजवडीत काम करतो. घरी येईपर्यंत साडेआठ वाजतात. मुलगी झोपल्यावर जो तास मिळतो त्यात मला लढायचंय. २०१४ च्या वर्ल्ड्समध्ये, म्हणजे जागतिक स्पर्धेत, सेजून पार्कने पाचिरिसूला घेऊन विजेतेपद मिळवलं, ते फॉलो मी (समोरच्याचे हल्ले स्वतःकडे ओढणारी चाल) कुणासमोर आणि कधी वापरायचा हे त्याला कळलं होतं म्हणून. त्याचं अंडं कितवं होतं हे कुणी विचारत नाही. खेळ डोक्याचा आहे. त्याच्या दारात पायपीट ठेवली की नोकरी करणारा माणूस बाहेरच राहतो आणि सुट्टीतली पोरं आत जातात. मिंट २०१९ मध्ये आल्या तेव्हा मी पहिल्यांदा ऑनलाइन रँक खेळलो. त्याआधी माझा संघच कधी पूर्ण झाला नव्हता.

नांदेडचा_रेड

तुम्हा दोघांचं वाचून हेवा वाटतो. आम्ही सायबर कॅफेत एम्युलेटरवर फायररेड हा जुना पोकेमॉन खेळ खेळलेलो. फोर आयलंडच्या डे-केअरमध्ये दोघांना सोडायचं आणि मग नुसतं इकडून तिकडे फिरायचं. आयव्ही दाखवणारं कुणी नाही, ईव्हीचा (लढून मिळणाऱ्या गुणांचा) आलेख नाही. वहीत काड्या मारून मोजायचो, झुबॅट मारला की स्पीड एक, जिओड्युड मारला की डिफेन्स एक. माचो ब्रेस असेल तर दुप्पट. मध्येच कॅफेवाला "वेळ संपला" म्हणायचा आणि किती मारले ते विसरायला व्हायचं. सेव्ह फाइल पेन ड्राइव्हवर. एक दिवस त्या मशीनमधला व्हायरस पेन ड्राइव्हवर आला आणि माझा टायरानिटार फाइलसकट गेला. लार्व्हिटारचं अंडं फुटायला किती चालावं लागतं हे माहीत असणाऱ्यांना कळेल मी काय म्हणतोय ते.

तेव्हा एव्हरस्टोन देऊन नेचर उतरवायचो, तीन आयव्ही आई-बापाकडून आले तरी आनंद व्हायचा. आज सगळं ताटात वाढून मिळतंय आणि तरी भांडताय.

होएनकर

@नांदेडचा_रेड, फायररेडमध्ये एव्हरस्टोनचा नेचरवर काहीही परिणाम होत नाही. ते एमराल्ड या खेळापासून सुरू झालं, तेही पन्नास टक्के वेळा आणि फक्त आईकडून किंवा डिट्टोकडून (जवळपास कुठल्याही पोकेमॉनशी जोडी जमणारा). शंभर टक्के व्हायला ब्लॅक २ आणि व्हाइट २ यावे लागले. आठवणी सांगा, पण नियम चुकीचे सांगू नका, नवीन लोक वाचतात इथे.

नांदेडचा_रेड

मी एमराल्डही खेळलोय. दोन्हीचं एकत्र लिहिलं गेलं असेल. मुद्दा पेन ड्राइव्हचा होता.

बॉक्स_३२

एवढी चर्चा करण्यापेक्षा सरळ जेन करा, म्हणजे पोकेमॉन सॉफ्टवेअरने बनवा. पीकेहेक्समध्ये सगळे आकडे भरायचे, पाच मिनिटांत संघ तयार. टोर्कोलचा स्पीड शून्य हवा? शून्य लिहा. अंड्यातून आलेला शून्य आणि लिहिलेला शून्य, लढाईत दोघांचा वेग २२ च.

सह्याद्री_ट्रेनर

@बॉक्स_३२ याला फसवणूक म्हणतात, आणि यात "पण" नाही. २०२३ च्या योकोहामा वर्ल्ड्समध्ये हेच झालं. तपासणीत बदललेले पोकेमॉन सापडले आणि काही खेळाडू अपात्र ठरले. वर्षभर सराव करून जपानला पोहोचायचं आणि एका बनावट पोकेमॉनपायी घरी यायचं!

बॉक्स_३२

त्यांनी लढाईत काय फसवलं सांगा. आकडे नियमात बसणारेच होते. समोरच्यापेक्षा कणभरही जास्त फायदा नाही. खेळाडूने काय निवडलं आणि काय खेळलं हे तपासा, प्राणी कुठल्या गवतात सापडला हे कशाला तपासता? बरं, कंपनी स्वतः रेंटल टीमचे कोड देते. दुसऱ्याने घडवलेला संघ कोड टाकून वापरला तर चालतो आणि मी स्वतः आकडे लिहिले की मी चोर?

सह्याद्री_ट्रेनर

हो. रेंटलमागे कुणीतरी तो संघ खेळून तयार केलेला असतो आणि खेळ ते मान्य करतो. तुमच्यामागे कुणीच नाही. स्पर्धेत नाव घालताना नियम मान्य केलेत ना? मग ते पाळा.

झुबॅट_नको

मी जेनिंगच्या बाजूने नाही, आधीच सांगतो. पण सह्याद्री, तुम्ही एवढ्या तावातावाने बोलताय तर एक सांगा. तुमचा सहाच्या सहा ३१ असलेला परदेशी डिट्टो कुठून आला? कारण ब्रीडिंग करणाऱ्या जवळपास प्रत्येकाकडे असा एक डिट्टो असतो. कुठल्याशा ट्रेडमध्ये आलेला, नाव एखाद्या वेबसाइटचं. तो पीकेहेक्समधून निघालेला असतो हे सगळ्यांना माहीत आहे. बाप बनावट, पोरं अस्सल, आणि वर आम्हाला वंशाचे धडे.

सह्याद्री_ट्रेनर

हा आरोप माझ्यावर व्यक्तिशः केलात म्हणून सांगतो. माझा डिट्टो टेरा रेडमधला, म्हणजे खेळातल्याच एका खास लढाईतला आहे. मी स्वतः पकडलेला. त्याचे सहाही ३१ नाहीत आणि मला त्याची गरजही नाही. शायनीसाठी (वेगळ्या रंगाचा दुर्मीळ पोकेमॉन) जो परदेशी लागतो तो म्युनिकच्या मुग्धाताईंनी दिला, त्या इथे आहेत, विचारा. बाकी लोक काय करतात त्याचं उत्तर मी का द्यायचं?

म्युनिकची_मुग्धा

दिला होता. माझा खेळ जर्मन भाषेत आहे, सह्याद्रीचा इंग्रजी, त्यामुळे मासुदा पद्धत लागू होते. पालक वेगवेगळ्या भाषांतल्या खेळांतले असले की शायनीची शक्यता ४०९६ मध्ये एक ऐवजी साधारण ६८३ मध्ये एक, शायनी चार्म असेल तर ५१२ मध्ये एक. इथे माझ्याभोवती सगळे जर्मन खेळाडू, त्यांना माझा जर्मन डिट्टो नको. मला भारतातला हवा होता, सह्याद्रींना इथला. अगदी सरळ देवाणघेवाण.

पण झुबॅटचा प्रश्न चुकीचा नाही. मला आजवर अनोळखी माणसांकडून आलेले सहा ३१ वाले डिट्टो मी सोडून दिलेत. ज्यांना अस्सलपणाचा एवढा आग्रह आहे त्यांनी आपला डिट्टो कुठला हे आधी बघावंच.

बॉक्स_३२

म्हणजे ज्याची परदेशात ओळख आहे तो अस्सल, बाकीचे चोर. भारतात पहिला निन्टेंडो स्विच अधिकृतपणे कधी आलाच नाही. आयात केलेला घ्यायचा, दुकानदार सांगेल ती किंमत द्यायची. माझ्या मशीनचा कंट्रोलर दोन महिन्यांत आपोआप डावीकडे सरकायला लागला, दुकानदार म्हणतो वॉरंटी तुमच्या देशात नाही. कार्ट्रिज महाग, ऑनलाइनची वर्गणी वेगळी. एवढं करून मी खेळतोय आणि वर पायपीटही करू?

होएनकर

स्विच महाग आहे हे खरं, पण म्हणून पीकेहेक्स योग्य ठरत नाही. दोन वेगळे विषय आहेत.

बॉक्स_३२

वेगळे नाहीत. ज्यांना वेळ आणि पैसा आहे त्यांनी नियमांचं कौतुक करावं. तुमच्यासारख्या लोकांमुळेच नवीन पोरं टिकत नाहीत.

होएनकर

नवीन पोरं टिकत नाहीत ती तुमच्यासारखे लोक पहिल्याच दिवशी "जेन करा" सांगतात म्हणून. ज्याने एकही अंडं फोडलेलं नाही त्याने ब्रीडिंगवर बोलूच नये.

गौरी_पाटणकर

दोघांनीही आवाज खाली घ्या, प्लीज. आणि मला एक वेगळंच बोलायचंय. ब्रीडिंगवाले त्या एका पिल्लासाठी बाकीच्या सगळ्या पिल्लांचं काय करतात? बॉक्स भरले की सोडून देतात, एकामागून एक. खेळ पहिल्या मिनिटापासून मैत्री मैत्री सांगतो आणि आपण नवजात पिल्लू बघून "स्पीड २४, नको" म्हणतो. माझा धाकटा भाऊ बारा वर्षांचा आहे. त्याने मला हे करताना पाहिलं आणि विचारलं, "ताई, हे कुठे जाणार आता?" मी त्या दिवसापासून अंडी फोडली नाहीत. रानातला पकडते, त्याला वाढवते, कॅप देते. त्याच्या वाट्याला आलेला आकडा मला चालतो. तो मला भेटला तेव्हा जसा होता तसाच आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

सह्याद्री_ट्रेनर

गौरीताई, मी सोडत नाही. सरप्राइज ट्रेडला टाकतो. चार-पाच ३१ असलेलं, चांगल्या बॉलमधलं पिल्लू एखाद्या नवख्याच्या हाती लागतं आणि त्याचा खेळ सुरू होतो. मला स्वतःला एका अनोळखी जपानी खेळाडूकडून मून बॉलमधली राल्ट्स मिळाली होती, तिच्यापासूनच मी शिकलो.

झुबॅट, फ्लटर मेन आणि उर्शिफूबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. त्यांच्यासाठी कॅप लागतेच, मीही वापरतो. पण "अडकलेत" हा शब्द तुम्ही मागे घ्यायला हवा.

झुबॅट_नको

शब्द मागे घेतो. मत नाही. शून्य स्पीडचं एखादं दुकान खेळाने उद्या उघडलं तर तुमच्या धाग्यातला अर्धा मुद्दा जाईल आणि मी त्याची वाट बघतोय.

होएनकर

असं दुकान उघडलं तर मी खेळ सोडेन.

पहिलाच_खेळ

मी कालच व्हायोलेट घेतला. वरचं सगळं वाचलं, अर्धं कळलं. माझा प्रश्न एवढाच की स्पीडचे ईव्ही भरायला सगळ्यात स्वस्त काय? कार्बोस २६ लागतात असं कुणीतरी म्हणालं, पण एक दहा हजाराला आहे.

सह्याद्री_ट्रेनर

२६ म्हणजे दोन लाख साठ हजार, सुरुवातीला तेवढे नसतात. डेलिबर्ड प्रेझेंट्स या खेळातल्या दुकानातून पॉवर अँकलेट घे, तेवढ्याच दहा हजारात. तो धरून ठेवला की प्रत्येक लढाईत आठ ईव्ही जास्त मिळतात. फ्लेचलिंगचा एक धरून नऊ. २८ फ्लेचलिंग मारले की २५२ पूर्ण. फक्त मध्ये दुसरं काही मारू नकोस.

झुबॅट_नको

आणि पाठीमागे दुसरे पोकेमॉन ठेवून सगळ्यांना ईव्ही वाटू नकोस. अनुभवाबरोबर ईव्हीही सगळ्या संघाला मिळतात, ज्यांना नको त्यांनाही. त्यांना बॉक्समध्ये ठेव. हे सह्याद्री सांगायला विसरले.

सह्याद्री_ट्रेनर

विसरलो नाही, पुढच्या प्रतिसादात सांगणार होतो. पण बरोबर आहे.