विषय: आई-बाबांना घेऊन दोन दिवस, कॅन्ससमध्येच

नमस्कार मंडळी,

आई-बाबा बार्शीहून आलेत, नोव्हेंबरपर्यंत आहेत. मॉल झाले, मंदिर झालं, कॉस्टको दोनदा झालं. मेअखेरच्या मेमोरियल डेच्या वीकेंडला काय करावं म्हणून विचारलं तर जो तो म्हणतो, सरळ डेन्व्हर गाठ, मध्ये काही नाही. आईचे गुडघे बघता नऊ तास गाडी नको वाटते. दोन तासांच्या आत काही आहे का? बाबा कृषी खात्यातून निवृत्त झालेत. काचेच्या कपाटातल्या वस्तूंपेक्षा बांधावर उभं राहणं त्यांना आवडतं.

अ., ओलेथ

*

अगं, "मध्ये काही नाही" हे आय-७० वरून ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्यांचं मत. मीही पहिली दहा-अकरा वर्षं तेच म्हणत होतो, तेव्हा दोष देत नाही.

बाबांना टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्वला ने. आय-३५ ने एम्पोरिया, तिथून ५० नंबरने स्ट्राँग सिटी, मग १७७ वर उत्तरेला दोन मैल. तिकीट नाही. एकेकाळी या देशाच्या मध्यावर सतरा कोटी एकर उंच गवत होतं, त्यातलं आज चार टक्केसुद्धा उरलेलं नाही. बाकी सगळं नांगराखाली गेलं, मका आणि सोयाबीन झालं. जे उरलं ते बहुतेक या फ्लिंट हिल्समध्ये, आणि त्याचं श्रेय कुणा निसर्गप्रेमीला नाही, दगडाला आहे. वर थोडीशी माती, खाली चुनखडी आणि तिच्यात चकमकीचे थर. फाळ टिकेना, म्हणून लोकांनी नांगर ठेवला आणि गुरं सोडली. अशाच एका गुरांच्या मालकाने, स्टीफन जोन्सने, १८८१ च्या आसपास बांधलेलं चुनखडीचं घर आणि तीन मजली गोठा तिथे उभा आहे. मी गिरगावात ज्या चाळीत वाढलो तिच्यापेक्षा हा गोठा भक्कम. १९९६ मध्ये सरकारने ही जवळजवळ अकरा हजार एकर जागा राखीव केली आणि २००९ मध्ये साऊथ डकोटातून तेरा बायसन आणून सोडले.

आता खरं सांगतो. मेमध्ये गवत गुडघ्याएवढंही नसेल, फुलं मात्र असतील. मार्च-एप्रिलमध्ये तिथे माळ मुद्दाम पेटवतात, नाहीतर झाडं-झुडपं वर येऊन गवत संपतं. आपण इकडे घसा खवखवला की पोलनला शिव्या देतो, त्यात थोडा धूर तिथलाही असतो. डोक्याच्या वर गेलेलं बिग ब्लूस्टेम गवत पाहायचं तर सप्टेंबर उतरताना परत जा.

मुक्काम कौन्सिल ग्रोव्हला, वीसेक मैल उत्तरेला. सांता फे ट्रेल, म्हणजे न्यू मेक्सिकोतल्या सांता फेला जाणारी जुनी वाट, इथूनच जायची. ओरेगनला जाणारे घर वसवायला निघत, ही वाट मुख्यतः व्यापाऱ्यांची: १८२१ पासून रेल्वे सांता फेला पोचेपर्यंत, म्हणजे १८८० पर्यंत, मालाने भरलेल्या गाड्या, बैल आणि खेचरं. त्या गाड्यांची चाकोरी लार्नेडच्या किल्ल्याजवळ अजून दिसते, पण ते पार चार तासांवर. मी गेलो होतो. भर दुपारी काहीच दिसेना. हिने फ्लास्कमधला चहा काढला, ऊन कललं, आणि गवतातले लांबच लांब उथळ खळगे एकामागून एक वर आले. पण गुडघ्यांसाठी हे नको.

काका, ओव्हरलँड पार्क

*

काका, मेल छान, पण एक राहिलं. कौन्सिल ग्रोव्हमध्ये "कौन्सिल" कुणाची? १८२५ मध्ये तिथल्या ओकच्या झाडीत ओसेज या मूळ रहिवासी जमातीशी करार झाला: गाड्यांना वाट द्या, आठशे डॉलर घ्या. मग १८४६ च्या करारानंतर कॉ किंवा कान्सा या दुसऱ्या जमातीच्या लोकांना त्याच भागात आणून बसवलं आणि १८७३ मध्ये तिथूनही उठवून ओक्लाहोमाला धाडलं. ज्यांच्या नावावरून राज्याचं नाव कॅन्सस, त्यांनाच राज्याबाहेर. त्यामुळे ब्रोशरमध्ये "पायोनियर" वाचलं की मला जरा टोचतं.

आमच्या लॉरेन्सची कथा त्याहून वाईट. कॉ लोक ज्याच्यापाशी प्रार्थना करत तो २८ टनांचा लाल दगड १९२९ मध्ये गावकऱ्यांनी उचलून बागेत आणला आणि त्यावर गाव वसवणाऱ्यांच्या गौरवाची पाटी ठोकली. मुलांना घेऊन मी कितीदा त्याला टेकून सँडविच खाल्लं असेल! तो आता कॉ लोकांना परत मिळाला आहे. कौन्सिल ग्रोव्हजवळ त्यांनी आपली थोडी जमीन पुन्हा विकत घेतली, अ‍ॅलेगावाहो पार्क म्हणतात, तिथे आहे. नक्की जा.

स., लॉरेन्स

*

दोन गोष्टी. गोचीड फार आहेत. लांब पँट, मोजे पँटवर, घरी आल्यावर तपासणी. बायसनच्या कुरणातून पायवाट जाते. म्हैस समजून जवळ जाऊ नका, फोटोसाठी तर नकोच. आणि परतताना वाकडी वाट करून टोपीकाची मन्रो शाळा बघा. गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालातली. तिकीट नाही.

खजिनदार

*

सर्व मंडळींस सप्रेम नमस्कार.

मुलीच्या आयडीवरून लिहीत आहे. जाऊन आलो.

आमच्या सातबाऱ्यावर अशा जमिनीला पोटखराबा म्हणतात. पस्तीस वर्षं मी तो शब्द कागदावर पाहत आलो. खराबा म्हणजे पीक येत नाही ती जमीन, दुसरा विचार मनात आला नाही. बार्शी-सोलापूर रस्त्यावर नान्नजचा माळ आहे, माळढोकासाठी राखलेला. लहानपणी तो पक्षी पाहिल्याचं आठवतं, तेव्हा त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. इथेही माळावरची एक कोंबडी आहे, प्रेअरी चिकन. नर वसंतात गळ्याच्या पिशव्या फुगवून घुमतो आणि नाचतो. आमचा माळढोकही असाच गळा फुगवून मादीपुढे उभा राहतो. आम्ही उशिरा पोचलो, नाच हुकला.

पेटवण्याबद्दल काकांनी लिहिलं ते मला पटत नव्हतं. आमच्याकडे आग पसरू नये म्हणून वनखातं आधीच जाळरेषा काढतं, वणवा लागला की धावाधाव करतं. पण पेटवलेल्या आणि न पेटवलेल्या तुकड्यांच्या मधल्या रेषेवर उभा राहिलो, तेव्हा इकडे कोवळी हिरवी लव आणि तिकडे गेल्या सालची वाळकी काडी असा फरक डोळ्यांनी दिसला. तरी नान्नजला हे चालेल असं मी म्हणणार नाही. तिकडे पाऊस कमी.

हिला बायसनचं काही वाटलं नाही. माळावर १८८२ सालची एका खोलीची दगडी शाळा आहे, तिथून मात्र उठेना. एकशिक्षकी शाळेवर तिने अकरा वर्षं काढली आहेत. खिडक्या मोजल्या, फळा कुठे असेल ते सांगितलं, आणि एवढ्या वाऱ्यात पोरं दप्तरं कशी सांभाळत असतील म्हणाली. टोपीकाची शाळाही पाहिली. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना वेगळं बसवत, बसायचं गोणपाट घरून आणावं लागे, ते मी नातवाला तिथे सांगितलं. त्याला माहीत नव्हतं.

लाल दगडाच्या जागी आमच्याशिवाय कुणी नव्हतं. चपला काढल्या.

ऑक्टोबरात गवत पाहायला पुन्हा जायचं आहे. चढावर हिला मध्ये मध्ये बसावं लागतं. कुणाकडे हलकी घडीची खुर्ची असल्यास कळवावे.

आपला,
अ. चे बाबा

*

गणपतीच्या सामानात चार आहेत, माझ्या गॅरेजमध्ये. एकीचा पाय लटपटतो, ती नेऊ नका. दिवाळीच्या कार्यक्रमाआधी परत हव्यात.

खजिनदार