महसीर वाचवायचा तर नुसती बोटुकली सोडून भागणार नाही

गोदाकाठी: कालची ती पोस्ट वाचल्यापासून डोक्यात घोळतेय, म्हणून लांबलचक लिहितोय. "नाशिकच्या गंगापूर धरणात लोणावळ्याहून आणून महसीरची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडा, पाच वर्षं मासेमारी बंद करा, मासा वाचेल." नाही वाचणार. महसीर हा तळ्यातला मासा नाही. पावसाळ्यात तो प्रवाहाच्या उलट चढतो आणि वाहत्या पाण्यात, गोट्यांवर अंडी घालतो. गंगापूरच्या वर गौतमी आणि काश्यपी धरणं उभी आहेत, खाली वाळूउपसा. चढायचं कुठे आणि अंडी घालायची कुठे? धरणात तो मोठा होईल, पण वंश वाढणार नाही.

दारणेचा भोई: माशाचं बीज सोडा नाहीतर सोडू नका, पण 'मासेमारी बंद' लिहिताना आमचा विचार केलात का? मासेमारीच्या ठेक्याचे पैसे आमची मच्छीमार सोसायटी भरते. मासे मारायला पाण्यात जिलेटीन फोडणारे वेगळेच असतात आणि रात्री येतात. मी नऊ-दहा वर्षांचा असताना दारणासांगवीला, दारणा-गोदावरीच्या संगमावर वडिलांच्या पागात (फेकायच्या जाळ्यात) खडस, म्हणजे हाच महसीर, लागला होता. एकेक खवला माझ्या तळहातात मावत नव्हता. वडिलांनी पोटात गाभोळी बघितली आणि सोडून दिला. घरी आईने दोन दिवस अबोला धरला. आज त्याच पाण्यात चिलापीशिवाय काही लागत नाही.

मत्स्यविद्यार्थी: भावना समजते, पण वस्तुस्थिती बघा. लोणावळ्याच्या वळवण मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास होतेय. आपला दख्खनी महसीर आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आधी 'संकटग्रस्त' होता, २०१८ मध्ये तो 'कमी चिंतेचा' झाला. मग बोटुकलीला एवढा विरोध कशाला?

गोदाकाठी: कारण यादी अख्ख्या प्रजातीची असते, आपल्या नदीची नसते. हाच दख्खनी महसीर कावेरीत नेऊन सोडला आणि तिथला मूळचा कुबडा महसीर मागे हटला. आज तो कुबडा 'अतिसंकटग्रस्त' आहे. मदत म्हणून सोडलेल्या माशानेच घरच्या माशाची जागा घेतली.

पंचवटीकर: मासा-मासा काय करताय? रामकुंडाच्या परिसरात कुंडांचे तळ काँक्रीटने बुजवले त्याचं काय? तळाशी जिवंत झरे होते. माझी आजी उन्हाळ्यात पाय घालायची आणि पाणी बर्फासारखं लागतं म्हणायची. आता धरणातून आवर्तन सुटलं तर पाणी, नाहीतर गटार.

मत्स्यविद्यार्थी: प्रत्येक चर्चेत काँक्रीट आणता तुम्ही! रामकुंडात महसीरचं काय काम?

पंचवटीकर: काँक्रीट आणणारच. नदीच्या तळाला श्वास घेऊ द्यायचा नाही आणि मासा हवा?

सिडकोकर: भाविकांच्या सोयीसाठी केलं ते. २००३ च्या सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीत ३९ जण गेले, विसरलात? २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे.

पंचवटीकर: ती चेंगराचेंगरी अरुंद रस्त्यावर झाली, कुंडाच्या तळाशी नाही! त्या दिवशी मी तिथे होतो, माझ्या शेजारच्या मावशी परत आल्या नाहीत. त्यांच्या नावावर काँक्रीट खपवू नका.

सिडकोकर: माफ करा, हे माहीत नव्हतं. रस्त्याबद्दल तुमचं बरोबर आहे. घाटावर शेवाळ होतं आणि म्हातारी माणसं घसरतात, एवढं मात्र म्हणेनच.

पंचवटीकर: घाट बांधा ना. पायऱ्या दगडाच्या करा. तळ सोडा.

मत्स्यविद्यार्थी: बरं, कावेरीचा मुद्दा मान्य करावा लागतोय. पण बीज गोदावरीच्याच माशांपासून तयार केलं तर? तेही नको म्हणाल तर तुम्हाला फक्त भांडायचंय.

गोदाकाठी: ते चालेल. आधी वाळू थांबवा, अंडी घालायची जागा राखा, मग बीज. आणि पाच वर्षं बंदी नको, भोईदादांचं बरोबर आहे. अंडी घालायच्या हंगामापुरती ठेवा.

दारणेचा भोई: हंगामापुरती आम्ही पाळू. पण तेवढे दिवस घरात चूल कशावर पेटवायची तेही त्याच कागदावर लिहा. आणि बारीक आसाची (छिद्रांची) जाळी विकणाऱ्यांना आधी पकडा, विकत घेणाऱ्याला नंतर. वडिलांची ती जागा अजून आहे, खाली गोटे आहेत, वाळूवाल्यांचा हात तिथे पोचलेला नाही. बघायची असेल तर पाणी उतरल्यावर या, दाखवतो.

पंचवटीकर: मीही येतो. पण काँक्रीटचा विषय मी सोडलेला नाही.